जिना रिकामा होईपर्यंत

समोरच्या दारातल्या सोलफ्रीडताई,

ईस्टरच्या सुट्टीत बर्फाच्या डोंगरावर तुम्हीच मला हाक मारलीत, "अहो, बसा की! अख्खं संत्रं एकटीला जात नाही आता." नवरा गेल्याचंही तिथंच सांगितलंत. इतकी वर्षं आपली दारं समोरासमोर, आणि मला पत्ताच नव्हता! मी म्हणाले, "बर्गनला परतलो की कॉफीला याच."

आज सकाळी तुमच्या कुलपाचा आवाज आला आणि तुम्ही जिना उतरून जाईपर्यंत मी सवयीने दाराआड थांबले. परदेशी सुनेला मी तोऱ्यात सांगते, "आम्ही नॉर्वेची माणसं कुणाला त्रास देत नाही." ती हसते, "आई, डोंगरावर तर अनोळखी माणसाशीही गप्पा मारता. घरी आलं की काय होतं?"

जिन्यात पावलं वाजेनात, म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. तुमचं दार बोटभर उघडं होतं आणि तुम्हीही कान देऊन उभ्या होतात, जिना रिकामा आहे ना म्हणून. मग माझी चाहूल लागली असावी, तुम्ही ते हळूच लावून घेतलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र तुमच्या दारातून आत सरकवायचंय. तुम्ही बाहेर गेलात की सरकवीन. पण मी अशी दाराआड उभी असताना तुम्ही बाहेर पडणार कशा?

तुमची समोरची,
गुनवोर