मोठ्या भावाची मान

२ मार्च, सकाळी सहा
आजपासून अभ्यास. विषय ॲनाटॉमी, भाग मान. मान म्हणजे वीतभर जागा, तिच्यात नर्व्हज असून असून असणार किती? दोन दिवसांत मान संपवतो. मागे दोनदा नापास झालो ते परीक्षकांच्या मूडमुळे. यंदा धाकटी बहीण माझ्याच वर्गात येऊन बसली आहे. तिला मार्गदर्शन करावं लागेल.

सव्वासहा
चित्र पाहिलं. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. जरा पडून विचार करतो.

४ मार्च
घोकंपट्टी आपल्याला जमत नाही. आपण क्लिनिकल माणूस! मामाचा आवाज बसलाय. पाहताक्षणी सांगितलं, रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह गेली, स्वरयंत्र हलवणारी. मामी रडायलाच लागली. आई म्हणाली, अरे, तो कालपासून प्लंबरशी फोनवर भांडतोय. असेल. पण आवाज बसलाय हे आधी कोणी ओळखलं?

७ मार्च
उचकी थांबेना. धाकटी म्हणाली, दादा, ही फ्रेनिक नर्व्हची करामत, मानेतून निघते आणि छातीतून थेट श्वासपटलापर्यंत जाते. मी म्हटलं, ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो. उचकीमुळे हे वाक्य तुकड्या-तुकड्यांत म्हणावं लागलं. मानेतल्या नर्व्हनं छातीत जायचं कशाला? शिस्तच नाही.

११ मार्च
उद्या तोंडी परीक्षा. धाकटी म्हणाली, ॲक्सेसरी नर्व्ह समजावून देऊ का? मोठ्या भावाला काही मान असतो की नाही! नको म्हटलं. लवकर झोपतो. ताजा मेंदू महत्त्वाचा.

१२ मार्च
कमाल झाली! सरांनी विचारलं, ॲक्सेसरी नर्व्ह कशी तपासाल? काही आठवेना, म्हणून खांदे उडवले. सर खूश! म्हणाले, वा, खांदे उचलायला लावूनच ही नर्व्ह तपासतात, तुम्ही करूनच दाखवलंत! मग विचारलं, यात कोणता स्नायू काम करतो? मी पुन्हा खांदे उडवले. सर म्हणाले, हो, हाच, पण नाव सांगा. मी तिसऱ्यांदा उडवले. सरांचा आनंद किंचित कमी झाल्यासारखा वाटला. तरी पास नक्की.

२० मार्च
नापास. धाकटी पास होऊन पुढच्या वर्गात. बाबांनी हातातलं वर्तमानपत्र जरा वर धरलं.
संध्याकाळी धाकटी तिची पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, महत्त्वाचं अधोरेखित केलंय, काही अडलं तर विचार.
माझ्या तोंडून निघून गेलं, थँक्यू, ताई.