आदामाची लेकरं

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा तो खटला मी अजून छाती फुगवून सांगते. हुबळीच्या रेल्वे कारखान्यातल्या एका ख्रिस्ती मिस्त्रींनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की माझी विहीर आदामाच्या लेकरांसाठी खुली राहावी. त्यांच्या पुतण्यानं त्याचा अर्थ फक्त ख्रिस्ती माणसं असा लावला आणि भर उन्हाळ्यात विहिरीच्या फाटकाला कुलूप ठोकलं. गल्लीतल्या विणकरांच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आपल्या दारात उभ्या राहिल्या, आणि तुम्ही लगेच वकीलपत्र घेतलंत.

मला अजून दिसतं, तुम्ही पाद्रीसाहेबांना भेटून आला आहात आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच आईला सांगता आहात, की आदाम हे एकाचं नाव खरं, पण त्यांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या भाषेत तोच शब्द सगळ्या माणसांसाठीही आहे. आपल्याकडे मनूवरून मानव, तसंच हे. आई भाकरी थापता थापता म्हणाली, एवढं कळायला कोर्ट कशाला लागतं? मुन्सफांपुढेही तुम्ही तेच मांडलंत. हुबळीच्या बाजारात दिवसभर त्याच आदामावरून आलेलं आदमी, आदमी चालतं, तेव्हा कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. शेवटी पुतण्यालाच विचारलंत, तुमच्या धर्मग्रंथाप्रमाणे आदामाचं लेकरू नाही असा माणूस कोण? तो हट्टी होता, पण खोटं बोलणारा नव्हता. कुणीच नाही, म्हणाला, आणि आपण जिंकलो.

निकालाच्या संध्याकाळी गल्लीनं तुम्हाला विहिरीवर बोलावलं, मीही हट्टानं सोबत आले. पुतण्यानं स्वतः पहिली घागर ओढली आणि तांब्या भरून तुमच्यापुढे धरला.

"वकीलसाहेब, सगळीच आदामाची लेकरं म्हणालात न्हवं? मग तुम्ही कुणाचे?"

आपल्या घरात परजातीच्या हातचं पाणी कधी चाललं नव्हतं. नुसतं हसून परतला असतात तरी निकाल काही बदलणार नव्हता. तुम्ही पगडी सावरलीत आणि तांब्या हातात घेतलात.

"तुमचा चुलतभाऊच की मी."

घटाघटा सगळा तांब्या रिकामा केलात. बायकांनी घागरी वाजवल्या, पुतण्या डोळे पुसत हसला, आणि मला वाटलं, सगळ्या हुबळीला ओरडून सांगावं की हे माझे वडील. घरी येऊन आईला तुम्हीच सांगितलंत. तिनं क्षणभर पाहिलं आणि ताट नेहमीच्या जागी वाढलं.

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून पेटीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं, अण्णा. तो तांब्या पुढे आला तेव्हा तुम्ही पिणार नाही, असंच मला वाटलं होतं.