आबांच्या दारात इंजिन

सोम., ८ सप्टें. जळगाव.
प्रकाशची गाडी परत गॅरेजला. साडू, म्हणून आधी चहा, मग बॉनेट. मागून निळा धूर. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा बोटाने हलवला तर लटलट. उन्हाळ्यात मीच नवा टर्बो बसवला होता. तेलाचा पाइप काढला, आत कोळसा. म्हणजे टर्बोला तेल पोचलंच नाही, कोरडा फिरून मेला.
प्र. म्हणाला, "भाऊ, माल ओरिजिनल होता ना?" हसतच म्हणाला. पण ते हसू नव्हतं.

मंगळ., ९.
पाइप नवा टाकला होता. तेल कंपनीने सांगितलेलंच, गाळणीही नवी. माझ्याकडून काय राहिलं? गाड्या पुसता पुसता कानाने शिकलो मी हा धंदा, उगाच कुणाचं ऐकून घेत नाही. पण प्र. बियाणं विकत गावोगाव फिरतो. गाडी उभी की तो उभा.

गुरु., ११.
सौ.ला तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे प्र.च्या बायकोचा फोन. सौ. स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर, मी ओसरीवर. ऐकू यायला नको होतं, आलं. "ताई, घरच्याच माणसाने जुना माल लावला, असं हे म्हणतात."
जेवताना सौ. एवढंच बोलली : "दिवाळीला आम्ही दोघी माहेरी एका गाडीत जाणार की वेगळ्या, तेवढं कळवा." भाजीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

शनि., १३.
दुसरा नवा टर्बो बसवला. पाइपही नवा. आधी टर्बोत तेल ओतलं, हाताने फिरवला. मग इंजिन पेटू नये म्हणून इंजेक्टरचे प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, परतीच्या पाइपातून तेल येईपर्यंत. प्र.ला शेजारी उभं करून सगळं दाखवलं. तो मोबाइल बघत होता.
म्हटलं, "उद्या आबांकडे जातोस ना? मी येतो."

रवि., १४.
पारोळ्याच्या पुढे प्र.ने दाबली. टर्बोची शिट्टी स्वच्छ, एका सुरात. सासऱ्यांचं, आबांचं घर धुळ्याच्या अलीकडे, हायवेला लागूनच. गाडी त्याच वेगात उतरून ओट्यासमोर, आणि चाकं थांबतात न थांबतात तोच चावी बंद. इंजिन गप्प. आत टर्बो फिरतोच आहे, सुंईंई... मला ऐकू येतंय.
"अरे, मिनिटभर चालू ठेव!"
प्र. कुजबुजला, "आबा बघताहेत."
ओट्यावरून आबा म्हणालेच, "पहिले इंजन बंद कर, मंग राम राम कर."
लग्नापासून आम्ही दोघे जावई हेच करत आलो. माझ्या जुन्या गाडीला टर्बोच नाही, म्हणून निभावलं. इंजिन बंद की तेलाचा पंप बंद. तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल जागच्या जागी जळतं. कोळसा होता तो या दारातला.

जेवणं झाल्यावर आबांना समजावलं. पळत आलेल्या बैलाला दम खाऊ देता ना, तसं.
"बैल दम खास ते माले दिखस. हाई तं उभी बी घरघर करस." मग आवाज चढला. "मना दारसे मोटार घरघर करी, आन जवाई मजार गाडीमा बशी ऱ्हाई? लोके काय म्हणतीन?"
मान डोलावली. सासरे आहेत.

शुक्र., १९.
प्र. आला होता. "भाऊ, म्हाताऱ्यावर ढकलताय तुम्ही."
म्हटलं, हायवेवरून वळतोस तिथल्या निंबाखाली थांब. इंजिन चालू ठेव, थोडं शांत होऊ दे. मग दारात जाऊन बंद कर. आबांचा मान राहतो, टर्बोही राहतो.
"आबांना निंबापर्यंत दिसतं."
"दिसू दे."
पटलं की नाही, कोण जाणे. चहा अर्धा ठेवून गेला, एरवी दुसरा मागतो.

रवि., २१.
दुपारी आबांचा फोन. स्वतःहून कधी करत नाहीत.
"तुना साडू निंबखाले गाडी उभी करी सन बसेल शे. रुसना का काय?"
"नाही आबा. बसू द्या. बोलावू नका."
"चहा थंडा व्हई ऱ्हायना."
"होऊ द्या."
लांबून इंजिनाचा बारीक आवाज येत होता, चालू. मग आबांनी फोन तोंडापासून न हलवताच हाक मारली, "ओ परकास!" माझा कान बधिर. इंजिन बंद होतं की काय, मी ऐकत राहिलो. तेवढ्यात हायवेवरून ट्रक गेला, भला लांबलचक, आणि तो जायच्या आत आबांनी फोन ठेवला.