पोलकी शिवणारीची निरवानिरव

मी, नी नंगाह कर्ती, वय अंदाजे बाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार कुबुलांगित, बाली बेट, पूर्ण भानावर असताना, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सूनबाईला शंका असेल तर असो. लिहिण्याचं कारण एकच, माझी नात पुतू. ती माझ्या लेकीसारखी मरू नये.

१. घर आणि भातखाचरं रिवाजाप्रमाणे मुलाकडे, मादे सुवेचाकडे जातील. बाईच्या नावावर ती कधी नव्हतीच, तेव्हा मी उदार झाले असं कुणी म्हणू नये.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री पुतूला. हे मशीन घरात कसं आलं ते तिला ठाऊक नाही. मी विशीची होईपर्यंत गावातली एकही बाई छाती झाकत नव्हती. बाजारात, शेतात तशाच हिंडायचो, कुणाची मान वळत नसे. झाकून बसते तीच धंदेवाली, असं माझी आजी म्हणायची. मग परदेशी लोक फोटो काढायला आले. गावप्रमुख रेंदोग ओरडला, "जग हसतंय आपल्याला! उद्यापासून पोलकं, नाहीतर देवळात पाऊल टाकायचं नाही!" चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मी मशीन घेतलं आणि अख्ख्या गावाची पोलकी शिवली. वाटलं, नशीब उघडलं.

रेंदोगच्या घरच्यांना माझ्या दहनाच्या जेवणाला बोलवावं. डुकराचा चांगला तुकडा मात्र वाढू नये.

३. लेक सुलासीच्या पोलक्यांची पेटी माझ्याबरोबर जाळावी. नऊ वर्षांची असताना ती झऱ्यावर उघडी नहात होती. मी ओरडले, "झाकून घे! लाज नाही वाटत?"

"कसली लाज, मेमे?"

मी, तिच्या आईनं, थोबाडीत दिली. पोरगी झाकायला शिकली. चौतिसाव्या वर्षी छातीत गाठ आली, ती दोन वर्षं लपवली. वास येऊ नये म्हणून चाफ्याचं तेल लावायची. पोलक्यावर डाग दिसला तेव्हा मला कळलं.

"डॉक्टर पुरुष आहे, मेमे."

"अगं, मला तरी सांगायचंस!"

"तुला कसं सांगू? तूच तर..."

ती गेली, मग रिवाजाप्रमाणे तिला अंगणात उघडी ठेवून सगळ्या वस्तीनं शेवटची आंघोळ घातली. जिवंतपणी एका माणसाला न दाखवलेली जखम दोनशे लोकांनी पाहिली. रेंदोगची बायको नाकाला फडकं लावून म्हणाली, "आधी दाखवायचं नाही का!" तिला मी माफ केलेलं नाही.

४. मशीन हवं असेल तर पुतूनं आधी छातीची तपासणी करून यावं, अशी अट आहे. गेल्या महिन्यात मी सांगितलं, "बाई, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये, आपल्या घरात आहे ते." तर म्हणाली, "शी आजी! काहीतरीच काय बोलतेस!" आणि उठून गेली. दोष तिचा नाही, मी तिच्या आईला, सुलासीला, तसं शिकवलं नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असंही आता वाटत नाही. सगळं गाव तसंच झालंय. पुतू, तू नाही गेलीस तरी मशीन घेऊन जा. अट घातल्यानं लाज सुटल्याचं मी पाहिलेलं नाही.

५. माझ्या आंघोळीला पडदा धरू नये, हे मादेला तोंडी सांगून ठेवलंय. हे वाचाल तेव्हा ती झालेली असेल, आणि डाव्या बाजूला काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल. दीड वर्ष झालं त्याला. दवाखान्याच्या दारापर्यंत मी दोनदा गेले, पुतू. बाकावर बसले, नंबर आला, आणि पोलक्याचं वरचं बटण काही काढवेना. बटण मीच लावलेलं होतं.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना फक्त पाहिलं आहे.

साक्षीदार: ई केतुत गेरिया, शेजारी. ई ञोमान लांदेप, शाळामास्तर.

सही: नी नंगाह कर्ती
कुबुलांगित, ११ ऑगस्ट २००३