आत पाणी असू दे

प्रिय ठमे,

पाकीट बघून चक्रावशील. हाताशी फोन असताना वहिनीला पत्र लिहायचं काय सुचलं, म्हणशील. अगं, मी फोन उचलला की तुझा दादा शेजारी येऊन बसतो. आत्ता तो केस कापायला गेलाय, आणि डोक्यावर राहिलेत किती ते तुला ठाऊक आहे, म्हणजे लवकरच परत येईल. तेव्हा अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

तू दिलेला मायक्रोवेव्ह उत्तम चालू आहे. नको तेव्हाही चालू असतो, तोच घोळ आहे. घरी आला त्या दिवशी दादाने मला समोर बसवून शिकवणी घेतली. जन्मभर लोकांचे मिक्सर नि इस्त्र्या दुरुस्त करणारा माणूस, त्याला आयती विद्यार्थिनी मिळाली. स्टीलचं भांडं ठेवायचं नाही, सोनेरी काठाची बशीसुद्धा नाही. डब्याचं झाकण घट्ट लावून तापवायचं नाही. अंडं कवचासकट नाही, बटाट्याला आधी काट्याने टोचायचं. आणि रिकामा तर कधीच चालवायचा नाही, आत काही नसलं की मशीन बिघडतं. मान डोलावून डोलावून माझी मान दुखली.

आणि आता ऐक. एका सकाळी आत ठिणग्या उडाल्या. बघते तर स्टीलची वाटी! दादा म्हणाला, मी नाही ठेवली. मी ठेवली नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे तेव्हा तरी होतं. पुढे अंडं फुटलं. दारावरून पिवळं ओघळत होतं आणि दादा माझ्याकडे पाठ करून पुसत होता. स्वतःचं निस्तरत होता की माझं, काही कळेना. मग एका दुपारी स्वयंपाकघरात कोणी नसताना मशीन रिकामंच घूं घूं करत होतं. आम्ही दोन खोल्यांतून धावत आलो आणि दोघंही एकदमच म्हणालो, असू दे. कडाक्याचं भांडलो असतो तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं, दादा विसरायला लागलाय. पण ज्याने मला हे शिकवलं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी त्याच्याच शिकवणीतली एक गोष्ट आठवली. आत पाणी भरून ठेवलं की चुकून बटण दाबलं तरी पाणी तापतं आणि मशीन वाचतं. म्हणून मी रोज गुपचूप काचेचा पेला भरून आत ठेवायला लागले.

काल दार उघडलं तर पेल्याला चिकटून दादाचा चहाचा मोठा कप, पाण्याने भरलेला. दोन्ही मीच ठेवले की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. म्हणून कप रिकामा करून जागेवर ठेवला आणि संध्याकाळी दाराआडून पाहिलं. दादा चोरासारखा इकडेतिकडे बघत तोच कप नळाखाली धरत होता. माझ्यासाठी, ठमे. त्याला वाटतंय, मीच विसरतेय.

आता माझं डोकंच चालेनासं झालंय. कोणाचं खरं? तू ये. काहीतरी निमित्त काढ आणि चार दिवस राहा. तू तोंडावर खरं बोलतेस म्हणून मी आयुष्यभर तुझ्यावर चिडले, आज त्यासाठीच बोलावतेय. आमच्यावर नजर ठेव. विसरणारा दादा निघाला तर मला बाजूला घेऊन सांग, मी सांभाळीन त्याला. मी निघाले तर त्याला सांग, मला नको. आणि हे सगळं मी तुला आधीही एकदा लिहिलेलं असेल, तर येईपर्यंत थांबू नकोस. सरळ त्याला फोन कर.

तुझीच,
वहिनी