बंदुकीची लाल चिंधी

शारजा
मंगळवार, १० नोव्हेंबर १९९८

प्रिय महादू,

पाकीट उघडलंस की आधी एक लाल चिंधी खाली पडेल. ती टाकून देऊ नकोस, आणि दादाला वेड लागलं असंही म्हणू नकोस. काल बर दुबईला देवळात गेलो होतो, येताना मीना बाजारातल्या एका कापडवाल्याकडून वीतभर फाडून घेतली. पैसे विचारले तर म्हणाला, भाईसाब, इतने का क्या लूँ. हे पत्र तय्यबच्या हाती देतोय. तय्यब म्हणजे माझ्या खोलीतला, राजापूरचा, दर बुधवारी पिकअप घेऊन रुवैसला माल टाकायला येतो तो. पोस्टाचा काही भरवसा नाही आणि तुमचं मोरोक्कोचं विमान शनिवारचं. फोन दोनदा केला. एकदा तुझ्या मालकाच्या, अरबाब बू सैफच्या, मुलाने उचलला आणि इंग्रजीत सांगितलं की महादू गाडी धुतोय. दुसऱ्यांदा तूच आलास, पण फोनवर तू हो, बरं, ठीक, एवढंच बोलतोस. मला सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. आत्ता दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, शटर अर्धं ओढून काउंटरवर बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

बू सैफची बंदूक मी निवडली, हे तुला ठाऊक आहेच. गुरुवारी तो आला तेव्हा तू खाली गाडीत होतास. आमच्या दुकानात खाली मासेमारीच्या काठ्या, तंबू, ससाण्यांच्या टोप्या. वर जाळीच्या दाराआड बंदुका. वर फक्त परवानावाले आणि मी. म्हातारा खुर्चीत बसला, कावा कॉफी प्यायला, आणि म्हणाला, रामू, सेमी-ऑटोमॅटिक चाहिए, रखीस, लेकिन झेन. स्वस्त पण चांगली! अरे बाबा, जगात सगळ्यांना तेच हवं असतं. मोरोक्कोला तितरांच्या शिकारीला सात जण जाणार, सहा जणांकडे भारी भारी बंदुका, हा रिटायर झालेला, पेन्शनवर. त्याच्याकडे बापाची दुनळी आहे, तिचा सांधा ढिला झालाय. मी त्याला तीन काढून दाखवल्या. एक तुर्की, कोरी करकरीत, एकोणीसशे दिरहम, म्हणजे आपले वीस-एकवीस हजार. दिसायला नवरीसारखी, पण सेफ्टीचं बटण इतकं घट्ट की अंगठ्याने दाबावं लागतं, आणि आतल्या पट्टीला धार तशीच राहिलेली. दुसरी इटालियन, धक्क्यावर चालणारी. आत काजळी धरत नाही, पण खांद्याला लाथ मारते, आणि किंमत साडेचार हजार, पन्नास हजार रुपये झाले ना! तिसरी पण इटालियन, गॅसवर चालणारी, एका गिऱ्हाइकाने दोन सीझन वापरून परत दिलेली. बारा बोरचं काडतूस वाजलं की त्याचाच थोडा धूर मागे वळून यंत्र हलवतो, त्यामुळे धक्का निम्मा. बू सैफच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हे तूच मला सांगितलं होतंस. रोज रात्री तेल-कापडाने पुसावी लागते एवढाच त्रास.

मी खोटी काडतुसं घालून तिन्हींचा बाजूचा खटका पन्नास-पन्नास वेळा मागे ओढला. तुर्की दोनदा अडली, दोन्ही इटालियन एकदाही नाहीत. म्हाताऱ्याला उभं करून तिसरीचा दस्ता खांद्याला लावून पाहिला, गाल बरोबर टेकला. सत्तावीसशेची पंचवीसशेला दिली. मॅनेजर म्हणाला, शाबाश रामू. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुका पुसतोय, कधीतरी कोणीतरी आपल्या शब्दावर घेतो.

आणि मग पावती फाडताना म्हातारा सहज म्हणाला, महादू मेरे पीछे खड़ा रहेगा, बंदूक वही पकड़ेगा, वही भरेगा. माझं पेन तिथेच थांबलं. मी म्हटलं, बाबा, त्याला वर बोलवा, त्यालाही दाखवतो. खाली नो-पार्किंग, तू ब्लिंकर लावून बसलेला, आणि अजान व्हायला आली होती. त्याने घड्याळ पाहिलं. यल्ला रामू, मालूम, मालूम. मी एकदा सांगितलं, परत सांगितलं, माझ्या मोडक्या अरबीत पण सांगितलं. तो हसला, खलास म्हणाला आणि जिना उतरला. त्याला काय मालूम आहे, महादू? पन्नास वर्षं त्याने दुनळी चालवली. दुनळी मधे मोडायची, दोन्ही भोकांतून आकाश दिसलं की रिकामी. ही मधे मोडत नाही. हिच्या पोटात काय आहे ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

आता नीट ऐक. आपल्या हाडात बसलंय की वाजली म्हणजे रिकामी. आपली ठासणीची बंदूक एकदा वाजली की लाकडाचा दांडका. तिच्यावर टेकून उभं राहा, पोराच्या हाती दे, काही होत नाही. ही तशी नाही. ही वाजली की जुनं काडतूस आपणच बाहेर फेकते आणि दुसरं आपणच नळीत घेते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. आवाज झाल्याबरोबर ती पुन्हा भरलेली असते. म्हातारा एक बार टाकील, तितर पडेल, आनंदात मागे न बघता बंदूक तुझ्याकडे देईल, आणि तू ती तुझ्या सवयीने पोटाशी धरशील नाहीतर तोंड खाली करून पायावर टेकवशील. गुरुवारपासून हेच डोळ्यासमोर येतंय. जेवण जात नाही. तय्यबने काल मुद्दाम कोलंबीचं सुकं केलं, तेही मी ताटात चिवडत बसलो. तो म्हणाला, काय झालं, घरी कोण आजारी आहे काय?

घरचं सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचं पत्र शनिवारी आलं. कावेरी लिहिते की भात झोडून झालं, माकडांनी या वर्षी एकही पपई ठेवली नाही, आणि तुझी समिधा चित्रकलेच्या परीक्षेत पहिली आली. पाकिटात समिधाच्या निबंधाची नक्कल पण होती, ‘माझे बाबा’ या विषयावर. बाईंनी वर्गात वाचून दाखवला म्हणे. तो निबंध तुला अजून कुणी पाठवला नसेल, तर शेवटचं वाक्य मी इथे उतरवतो. तिने लिहिलंय: माझ्या बाबांनी लहानपणी घाई केली म्हणून त्यांची दोन बोटं गेली, म्हणून मी कुठल्याच कामात घाई करत नाही. दहा वर्षांची पोर. मी ते वाचलं आणि शटर वर करायलाच उठलो नाही, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती.

महादू, आपल्या घरची रीत आठवते ना? बंदूक भरली की तिच्या घोड्याला लाल चिंधी बांधायची. वाजवली की सोडायची आणि खुंटीच्या खिळ्याला अडकवायची. बाबांनी ही रीत त्यांच्या काकांकडून घेतली होती. घरात चार हात, कोण कधी भरेल सांगता येत नाही, म्हणून चिंधी. चिंधी आहे म्हणजे भरलेली, चिंधी नाही म्हणजे रिकामी. शंका असेल तर गज नळीत सोडायचा, वीतभर वर राहिला तर आत दारू आहे. पण शंका येतच नसे, कारण चिंधी खोटं बोलत नसे. तू तेव्हा तेरा वर्षांचा, मी सोळा. वानरांनी केळी ओरबाडली म्हणून त्या रविवारी सकाळी बाबांनी तुला बंदूक भरायला सांगितली. तू दारू घातलीस, काथ्याचा बोळा ठासलास, छर्रे घातलेस, चिंधी बांधायला खिळ्याकडे गेलास तर चिंधी तिथे नव्हती. मी दारात उभा होतो. बाबा ओरडले, रे मेल्या, चिंधी खंय आसा? तू म्हणालास, बघतंय. आणि तेवढ्यात वानर परसात उतरले आणि तू तशीच उचलून धावलास.

तू बार टाकलास आणि नळी फुटली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. त्याआधी तू गावच्या भजनात पखवाज वाजवायचास, बुवा म्हणायचे हा पोरगा मला मागे टाकील. नंतर तुझ्या हातात झांज दिली. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की ह्याने हावरेपणाने दोन मुठी दारू ठासली, ह्याच्या हाती काही देऊ नका. गावाने तुला ठास्या म्हणून हाक मारली. आणि तू कधी उलटून बोलला नाहीस. उलट तेव्हापासून तू कुलूप तीनदा ओढून बघतोस, गॅस दोनदा, गाडीचं टायर चारदा. कोणी काही सांगितलं की हो म्हणतोस, कारण तुझ्याच मनाने तू चुकलेला माणूस. म्हणूनच पंचवीस वर्षं बंदुकीला हात न लावलेला तू, अरबाबने सांगितल्यावर एका शब्दाने नाही म्हणाला नाहीस. मला माहीत आहे तू कसा आहेस. मला भीती तीच आहे.

आता जे लिहायचंय त्यासाठी तीन दिवस कागद फाडतोय. त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी बंदूक मी भरली होती. बाबा बाजाराला गेले होते, माझी एसेससी जवळ आलेली, मला बंदुकीला हात लावायची बंदी. मळ्याच्या बांधावर कवडे बसले होते. मी भरली, चिंधी खिशात घातली कारण बांधली असती तर लांबून कोणीही पाहिली असती, आणि बांधापर्यंत पोचेस्तोवर कवडे उडाले. बार टाकला असता तर आवाजाने सगळं कळलं असतं. घोड्याखालची ठिणगीची टोपी तेवढी काढली आणि भरलेली बंदूक तशीच खुंटीला लावली. चिंधी न बांधता. सकाळी तू तिच्यावर दुसरा बार ठासलास तेव्हा मी दारात उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला वाटलं, बाबा मारतील. एवढंच वाटलं, महादू. बाबा तुझा हात धोतरात गुंडाळून तुला खांद्यावर घेऊन धावले तेव्हाही चिंधी माझ्या खिशात होती. संध्याकाळी ती मी विहिरीत टाकली. तू दोन मुठी दारू घातली नव्हतीस. घाई केली नव्हतीस. चिंधी दिसली नाही म्हणजे रिकामी, हे तुला घराने शिकवलं होतं आणि तू घरावर विश्वास ठेवलास. चूक माझी होती, सगळी. समिधाला हे मी स्वतः लिहून कळवीन, आज नाही, पण तू सांगशील त्या दिवशी.

शक्य असेल तर अरबाबला नाही म्हण. सांग की पाणी उचलीन, चटया उचलीन, तितरांची पिशवी उचलीन, बंदूक नाही. तू नाही म्हणू शकतोस, तू काही गुन्हा केलेला नाहीस. आणि धरावीच लागली, तर ही चिंधी तिच्या चापाच्या कडीला बांध, काडतूस आत जायच्या आधीच. बाजूचा खटका मागे ओढून, पोटातली सगळी काडतुसं काढून, नळीच्या मागच्या भोकात करंगळी घालून बघितल्याशिवाय सोडू नकोस. उजव्या हाताची करंगळी, तुझ्याकडे तीच उरली आहे. एकदा मी न सांगितल्यामुळे झालं. दुसऱ्यांदा तुझं काही झालं तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि गाव तर सोडच, मला आरशात बघता येणार नाही. पत्र मिळाल्याबरोबर दुकानात फोन कर. शिव्या घालायला कर, परत तोंड दाखवू नको म्हणायला कर. पण शनिवारच्या आधी कर.

तुझाच, अजून म्हणशील तर दादा,
रामचंद्र