दिवेलागणीला कसा पोचलास?

प्रिय बारक्या,

बाबा आता जिना चढू-उतरू लागलेत. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलंय, तर डॉक्टरांवरच चिडतात. म्हणजे तब्येत ताळ्यावर आली म्हणायची. आई येईल त्याला सांगते, पोरगा कसा देवासारखा धावून आला. मी नुसती मान डोलावते. पण एक गोष्ट मला आतून खातेय, ती आज लिहून टाकते.

बाबा छातीला हात लावून खाली बसले तेव्हा भर दुपार होती. दवाखान्याच्या पायरीवरून मी तुला फोन केला, तू लगेच उचललास. आणि दिवेलागणीला दारात हजर! तुझ्या आणि आपल्या विमानतळात तेरा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून अठरा तास. बाबांनी हे न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून ऐकवून पाठ करून ठेवलंय. तू म्हणालास, "अगं, आधीच निघालो होतो. तुझा फोन आला तेव्हा मधल्या विमानतळावर होतो." आईने तुझ्या तोंडावरून हात फिरवला. मी मनात मोजत बसले. तिथूनसुद्धा पुढे आठ तास लागतात रे.

मग माझी नजर तुझ्यावरून हलेना. बॅगेला विमानाची चिठ्ठी नाही. मागच्या खेपेला दोन दिवस घोरत पडला होतास, या वेळी सगळ्यांबरोबर झोपलास, सगळ्यांबरोबर उठलास. दवाखान्याकडे नव्या पुलावरून लवकर पोचतो, हे रिक्षावाल्याला तू सांगितलंस. तो पूल तू मागच्या खेपेला परत गेल्यावर बांधलाय! नको नको ते मनात आलं. पोलिसांची भानगड असेल, कुठे दुसरा संसार थाटला असेल. तू अंघोळीला गेलास तेव्हा मी तुझे खिसेसुद्धा चाचपले.

जाताना तू विमानतळावर कुणालाच येऊ दिलं नाहीस. म्हणून मी रिक्षाने मागे आले. नाक्यावर तू टॅक्सी सोडलीस आणि साधी सिटी बस पकडलीस. शेवटच्या स्टॉपला गोदामाच्या फाटकात उभा राहून बॅगेतला निळा शर्ट अंगात चढवलास आणि आत गेलास. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "ते होय? वर्ष झालं की इथे." मी तिथेच रडले. हायसं वाटलं, आणि तुझा संतापही आला. वर्षभर दर रविवारी फोनवर आम्हाला तिकडच्या बर्फाच्या गप्पा सांगत होतास!

तिकडची नोकरी गेली असेल, तोंड दाखवायची लाज वाटली असेल. तुझं तू सांगशील म्हणून मी गप्प बसले होते. घरात कुणालाच काही माहीत नाही.

पण काल बाबांनी मला हळूच खोलीत बोलावलं आणि तिकडे तुझ्याकडे जायची विमानाची दोन तिकिटं दाखवली. त्यांचं आणि आईचं. तू "सध्या नको" म्हणून दोनदा टाळलेला बेत त्यांनी परस्पर ठरवलाय. डॉक्टरांनाही पटवलंय. "बारक्याला सांगायचं नाही हं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले. पुढच्या बुधवारी दोघं निघतील आणि परक्या गावात तुझ्या जुन्या घराची बेल वाजवतील. दार भलताच कुणीतरी उघडेल. मी सांगितलं तर ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवला तर तुझ्यावरचा कायमचा उडेल. हे तुझ्याच तोंडून कळायला हवं. पत्र वॉचमनच्या हाती देतेय. बुधवारच्या आत घरी ये. बसने पाऊण तास लागतो.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई